तिसरे मापटे

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला ओळखेल असे मला वाटत नाही. रोहिणखेडच्या एका घरात, चुलीमागच्या कोनाड्यात मी पडून आहे. माझ्या पोटात सध्या गंजके खिळे आहेत आणि एक तुटकी कडी आहे. पण मी खिळे ठेवायचा डबा नव्हे. मी लोखंडी मापटे आहे, जुने, एका अंगाने चेपलेले. आजी-आजोबांना विचाराल तर ते सांगतील की दोन मापट्यांचा एक शेर होत असे. मला शिगोशीग भरले, म्हणजे काठाच्या वर दाण्यांची टेकडी होईपर्यंत भरले, की राबणाऱ्या एका माणसाच्या दिवसभराच्या भाकरींची ज्वारी माझ्यात मावते. माझी सगळी अक्कल एवढीच आहे आणि ती कधी चुकली नाही. पण मापाला तोंड असते, जीभ नसते. जीभ असती तर आज मला ही कहाणी सांगावी लागली नसती.

देऊळगाव राजाच्या एका लोहाराने मला घडवले. काठाला जाड कडे बसवले, बुडाला तीन ठोके जास्त मारले आणि बालाजीच्या यात्रेत विकायला मांडले. रोहिणखेडचे भगवंतराव तिथे नवस फेडायला आले होते. त्यांनी मला हातात घेऊन उलटे केले, बोटाने वाजवून पाहिले, आणि घासाघीस न करता घेतले. त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

पुढची काही वर्षे माझी मानाची होती. खळ्यावर ज्वारीची रास पडली की भगवंतराव पागोटे बांधून रासेपुढे बसत आणि मला हातात घेत. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे, अशी आमच्याकडची रीत. लाभ, दोन, तीन, चार. असा मोजणीचा आवाज खळ्यावर घुमला की मजूर, बलुतेदार, सगळे माझ्याकडे बघत. माझ्या काठावरून एक दाणा कमी पडला तर भांडण होईल आणि एक जास्त पडला तर कोणी बोलणार नाही, हे मला ठाऊक होते. मी कुणाला कमी दिले नाही.

पण घरात एक गोष्ट मला कधी आवडली नाही. खळ्यावरून धान्य घरी आले, कणगीत पडले, की त्याला पुन्हा माप दाखवायचे नाही असा त्या घरचा दंडक होता. कणगीतले धान्य मोजून काढले तर बरकत जाते म्हणत. म्हणून रोजच्या दळणाची ज्वारी सुपाने काढायची, अदमासाने. सूप कुठवर भरायचे ते बायकांच्या हाताला माहीत असे. मी तेव्हा हसायचे. मनात म्हणायचे, मला टाळून तुमची बरकत कुठे जाणार आहे? माझे हसणे मला पुढे चांगलेच महागात पडले.

भगवंतरावांच्या मुलाचे, उकंडरावाचे लग्न झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दहा-बारा वर्षे होती. नवी नवरी उंबरठ्यावर आली. मला दाण्यांनी भरून तिच्यापुढे ठेवले होते. उजव्या पायाने हळूच माप लवंडायचे आणि घरात यायचे, एवढेच काम. पण नवरी होती घाबरलेली. तिने असा पाय मारला की मी दाणे उधळत थेट चुलीच्या ओट्यावर जाऊन आदळले आणि एका अंगाने चेपले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नवरी रडवेली झाली. तिचे नाव झुंबरबाई. त्या दिवसापासून माझ्या चेपलेल्या अंगावर हात फिरवायची तिला सवय लागली. माझ्यावर तसा हात फिरवणारे दुसरे कोणी झाले नाही.

मग राज्य झाले, आणि पाठोपाठ किलो आले. बाजारात किलोची चकाकती वजने दिसू लागली. शेर, पायली, मापटे हे सगळे शब्द सरकारने एका दमात म्हातारे करून टाकले. खळ्यावर तराजू लागला. मला कोणी हात लावेना. दोन पावसाळे मी कोनाड्यात काढले, आणि एके सकाळी झुंबरबाईने मला पुसले, कणगीतून पसाभर ज्वारी माझ्यात टाकली आणि अंगणात जाऊन कोंबड्यांपुढे उधळली.

मित्रांनो, मी खळ्याचे माप होते. मला कोंबड्यांच्या दिमतीला लावले. एक पांढरी कोंबडी तर रोज माझ्या काठावर चढून आत चोच मारायची, जणू मला तिच्या बापाने करून दिले होते. लंगडा कोंबडा माझ्यावर उभा राहून आरवायचा. मी रागाने तापायचे, पण झुंबरबाई त्यांना हाकलत नसे. त्या कोंबड्या तिच्या एकटीच्या होत्या. शेत उकंडरावाचे, बैल उकंडरावाचे. कोंबड्या तेवढ्या तिच्या. अंड्यांवर तिने मुलीला पाटी घेऊन दिली, स्वतःला बांगड्या भरल्या, आणि एकदा मोताळ्याच्या बाजारातून नवऱ्याला छत्रीही आणली.

कोंबड्यांच्या खाण्याचा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलायची. म्हणायची, “त्याइले काय लागते? मूठभर दाणे अन् मोकळं आंगण.” उकंडराव तेच बोलायचा, शेजारीपाजारी तेच बोलायचे. अख्ख्या गावाची तशी समजूत होती, आणि ती खोटीही नव्हती. चांगल्या सालात मी कधी अर्धेसुद्धा भरले जात नसे. सकाळी मूठभर टाकले की कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरीत, गोठ्यात किडे टिपत, खळ्यावर सांडलेले दाणे वेचून संध्याकाळी टम्म पोटाने घरी येत. त्यांचे खरे खाणे उकिरडा घालत होता, गोठा घालत होता, खळे घालत होते. त्या खाण्याला माप नव्हते, म्हणून ते कुणाच्या हिशेबात नव्हते. घरची ज्वारी म्हणजे फुकटची, असे धरून चाललेले ते घर होते.

झुंबरबाईला चार मुले झाली. जगली एक. तिचे नाव कोकिळा. तिला देऊळगाव राजाकडे दिली होती. तिचे पहिले बाळंतपण सासरी झाले. बाळ नऊ दिवसांचे होऊन गेले. आईच्या अंगावर दूधच आले नाही, असा निरोप आला. त्या दिवशी झुंबरबाई मला हातात घेऊन कणगीपाशी किती वेळ बसून राहिली होती. माझ्या चेपलेल्या अंगावर तिचा अंगठा फिरत होता, आणि कोंबड्या दारात ओरडत होत्या तरी तिला ऐकू येत नव्हते.

कोकिळेला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा झुंबरबाईने ठरवले की हे बाळंतपण माहेरी करायचे. मोताळ्याच्या दवाखान्यातल्या नर्स शालूबाई गावात येत. त्यांनी पोरीला तपासून सांगितले की हिच्या अंगात रक्त कमी आहे, पोटभर भाकर आणि रोज एक अंडे चुकवू नका, बाळ झाल्यावरही दोन महिने चुकवू नका, नाहीतर पुन्हा दूध येणार नाही. झुंबरबाईने मान हलवली. रोज एक अंडे. ते तिने देवाच्या शब्दासारखे धरले.

आणि साल होते दुष्काळाचे. बहात्तरचे.

त्या साली खळे झालेच नाही. खळ्याची जागा सारवली नाही, तिथे धूळ उडत होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. बैल गेले, गाय गेली. गोठा रिकामा झाला, मग शेण नाही, शेण नाही म्हणून उकिरडा नाही, आणि उकिरडा नाही म्हणून किडाही नाही. कोंबड्या सकाळी बाहेर जात आणि घटकाभरात परत येऊन दारात उभ्या राहत. दिवसभर त्यांनी उकरलेली कोरडी माती तेवढी अंगणात दिसे. मूठभर दाण्यांवर जगणाऱ्या कोंबड्या आम्ही कोणीच कधी पाळल्या नव्हत्या, हे तेव्हा मला कळले. बाकी कुणाला कळायला वेळ नव्हता.

उकंडराव विका म्हणाला. झुंबरबाई पाटीत घालून मोताळ्याच्या बाजारात गेली. तिथे गावोगावच्या बायका कोंबड्यांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या आणि घेणारे कोणी नव्हते. सगळ्यांच्या कोंबड्यांची उपासमार एकाच वेळी बाजारात आली होती. मिळेल त्या भावात तिने पाच देऊन टाकल्या. सहा कोंबड्या आणि लंगडा कोंबडा परत आणला. एक कोंबडी काही रोज अंडे देत नाही. खुडूक बसली की महिनाभर सुट्टी. रोजच्या एका अंड्याला सहा तरी पाहिजेतच, हा तिचा अनुभव होता आणि तो बरोबर होता.

“ह्या काऊन आणल्या माघारी?” उकंडरावाने विचारले.

“कोकिळीसाठी,” ती म्हणाली. “अन् त्याइले काय लागते?”

हे वाक्य त्याने स्वतःच हजारदा म्हटले होते.

मित्रांनो, सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. बाहेर काही मिळत नसेल, आणि त्यांनी अंडी द्यायला हवी असतील, तर त्यांना दिवसाला किती लागते? एक मापटे लागते. शिगोशीग. मी सुरुवातीला काय सांगितले होते ते आठवा.

पौषात कोकिळा आली. उकंडराव आणि झुंबरबाई दोघे दुष्काळी कामावर जाऊ लागली. तो रस्त्यावर खडी फोडायला, ती तळ्यावर मातीच्या पाट्या वाहायला. कामे दोन दिशांना होती. कणगीत बेताचे दाणे होते, रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्वारी त्यातच ओतलेली होती. उकंडराव रोज पहाटे कणगीकडे बघायचा. मोजायचे नव्हते, पण बघायला बंदी नव्हती. तिघांची ज्वारी सुपात निघाली की त्याचा जीव खाली पडायचा. सूप विणीतल्या नेहमीच्या रेघेपर्यंत भरलेले असे. तिघांचे, बरोबर तिघांचे. मग तो घमेले उचलून निघून जाई.

तो गेला की झुंबरबाई मला काढायची. त्याच सुपातून मला भरायची. शीग लावायची. आणि बाहेर जाऊन कोंबड्यांपुढे ओतायची.

उरलेले ती जात्यावर दळायची. त्यात दोन माणसांच्या भाकरी व्हायच्या. एकाच्या उकंडरावाला, एकाच्या कोकिळेला. स्वतःच्या फडक्यात ती चतकोर बांधायची आणि चार भाजलेले चिंचोके टाकायची. संध्याकाळी ताटे वाढताना नवऱ्याने विचारले तर म्हणायची की मी कामावर सुकडी खाल्ली, पोट भरले आहे. दुष्काळी कामावर सरकारतर्फे सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा गोड खाऊ, वाटत, हे सगळ्यांना माहीत होते. ती सुकडी रोज तिच्या पदराच्या गाठीतून घरी येत होती, हे उकंडरावाला माहीत नव्हते. दुपार कलली की ती नवऱ्याच्या आधी घरी यायची, गाठ सोडून कोकिळेच्या हातावर ठेवायची आणि सांगायची की तळ्यावर दोन-दोन वाटे देतात, एक मी खाल्ला.

नवऱ्याला एक सांगितले, पोरीला दुसरे सांगितले. दोघांचाही विश्वास बसला. न बसण्यासारखे त्यात काही नव्हते. दोन्ही खोट्या गोष्टी एकमेकींसमोर आल्या नाहीत, एवढेच झाले.

हे मी रोज पाहत होते. भरलेले मला आधी ती एका हाताने उचलायची, मग तिला मला दोन हातांनी धरावे लागू लागले. एका सकाळी तिने मला भरले, शीग लावली, आणि थांबली. तिने तर्जनी माझ्या काठावर आडवी धरली आणि वरची टेकडी सपाट करून सुपात पाडली. पसाभर दाणे होते. तेवढ्यात तिची अर्धी भाकर झाली असती. ती त्या दाण्यांकडे बघत राहिली. आतून कोकिळा कण्हली. झुंबरबाईने ते दाणे पुन्हा उचलले, माझ्यावर शीग लावली, आणि बाहेर गेली.

मी तेव्हा उलटे पडायला हवे होते. लग्नात एका लाथेने घरंगळले होते ना, तसे घरंगळायला हवे होते, ओट्यावर आपटून आवाज करायला हवा होता. मी काही केले नाही. मी नेहमीसारखे बरोबर माप दिले. आयुष्यभर ज्या गोष्टीचा मला गर्व होता, तिचीच मला त्या दिवसापासून किळस आली.

माघात कोकिळेला मुलगी झाली. रोज एक अंडे, पोटभर भाकर, वर सुकडी. पोरीच्या अंगावर दूध आले. झुंबरबाईने नातीला दूध पिताना पाहिले आणि तिच्या तोंडावर असे समाधान आले की मला वाटले, आता ही जेवेल. पण शालूबाईंनी दोन महिने सांगितले होते.

फाल्गुनात ती तळ्यावर पाटीसकट पडली. बायकांनी बाजेवर घालून घरी आणली. अंगात ताप होता. शालूबाई आल्या, त्यांनी हात धरून पाहिला, पोट पाहिले, आणि त्या उकंडरावाला म्हणाल्या की ताप साधाच आहे, पण हिच्या अंगात त्याच्याशी झगडायला काही उरलेले नाही. उकंडरावाने कणगीकडे पाहिले. घरात तिघांची ज्वारी रोज निघत होती. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई गेली. जाताना ती पोरीला एवढेच म्हणाली, “कोंबड्याइले पाहजो.”

तेरावे झाले. पाहुणे गेले. घरात उकंडराव, कोकिळा आणि दीड महिन्याचे बाळ राहिले. कोकिळा पहिल्यांदा दळणाला बसली तेव्हा तिने बापाला विचारले की किती काढू. तो कणगीला टेकून बसला होता.

“तुही माय काढे तेवढीच काढ,” तो म्हणाला. “त्या रेघेपर्यंत.”

तिने सूप रेघेपर्यंत भरले. दारात कोंबड्या ओरडत होत्या. आई मला घेऊन बाहेर जायची हे तिने बाजेवरून पाहिले होते, म्हणून तिने मला उचलले, तळाला दोन मुठी घातल्या आणि बाहेर ओतले. कोंबड्यांनी क्षणात फस्त केले आणि तिच्या पायांवर चोची मारू लागल्या. तिने आणखी टाकले, आणखी टाकले. त्या शांत झाल्या तेव्हा तिने एक शिगोशीग मापटे ओतून टाकले होते.

ती आत आली आणि सुपाकडे बघत उभी राहिली. मग तिने बाहेर टाकले तेवढे दाणे कणगीतून पुन्हा सुपात घेतले, रेघ पुरी केली, आणि जे त्या घरात कधी कोणी केले नव्हते ते केले. मला सुपात बुडवले.

“लाभ,” ती मोठ्याने म्हणाली.

उकंडराव दचकला. “मोजू नोको वं. बरकत जाते.”

ती थांबली नाही. दोन. तीन. सूप रिकामे झाले. जमिनीवर ज्वारीचे तीन ढीग होते.

“बाबा, हे तीनच मापटे हायेत.”

“तीन माणसं होतो. बरोबरच हाय. याच्यावर एक दाणा कणगीतून निघाला नाही.”

“मंग कोंबड्याइचं कुठलं होतं?”

उकंडरावाने तोंड उघडले. त्याच्या ओठांवर ते जुने वाक्य आले होते, मी पाहिले. पण पोरीने आत्ताच त्याच्यासमोर कोंबड्यांना घातले होते आणि सूप किती उतरले ते त्याने पाहिले होते. ते वाक्य त्याच्या तोंडातून निघाले नाही.

“ती सुकडी खात होती,” तो शेवटी म्हणाला. “मले सांगे, कामावर सुकडी खाल्ली.”

कोकिळा खाली बसली. तिसऱ्या ढिगावर तिने हात ठेवला.

“सुकडी माय मले देत होती, बाबा.”

बाळ उठले, रडले, तिने त्याला अंगाशी घेतले, आणि ते दूध पिऊ लागले. ते दूध कशाचे होते हे आता त्या दोघांनाही कळले होते, आणि मला तर पहिल्यापासूनच माहीत होते.

पाऊस पडल्यावर कोकिळा बाळाला घेऊन सासरी गेली. उकंडरावाने कोंबड्या विकल्या नाहीत, कापल्याही नाहीत. तो रोज सकाळी मला कणगीत बुडवायचा, मोजून. एक स्वतःचे, एक कोंबड्यांचे. ‘लाभ’ मात्र त्याने पुन्हा कधी म्हटले नाही. तो सरळ ‘एक’ म्हणायचा. कोंबड्या एकेक करून म्हाताऱ्या झाल्या, मेल्या. शेवटी लंगडा कोंबडाही गेला. मग त्याने माझ्यात खिळे टाकले आणि मला या कोनाड्यात ठेवले.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू आपल्यासाठी काहीतरी मागते. मला घासा, माझा गंज काढा, असे मी मागणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरी कोंबडी असो, गाय असो की दारचे कुत्रे असो, ते फुकट जगते असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. त्याच्या तोंडचा घास कुणाच्या तरी ताटातून जातो. ते ताट कुणाचे, ते शोधा. आणि आज जेवायला बसाल तेव्हा, जी तुम्हाला वाढते आहे तिने मी मागाहून खाते किंवा माझे झाले आहे असे म्हटले, तर उठून टोपल्यात किती भाकरी आहेत ते एकदा मोजा. बरकत जात नाही. मोजले नाही म्हणून काय जाते, ते मी पाहिले आहे.